धान्य खळ्यावर, कणगी रिकामी : व्हीमॅट-2 बिघाडाचं एक प्रकरण

सौदी अरेबियातल्या एका मोठ्या कुटुंबात आठ मुलांना एकच आजार होता. सुरुवात तान्हेपणीच झाली. मूल उचलून घेतलं की अंग सैल लागायचं, धरलेली मान पुन्हा लटकायची. डोळे वर चढून तिथेच अडकण्याचे झटके यायचे आणि त्यातलं रडणं लवकर थांबत नसे. झटका म्हटल्यावर पहिली शंका फेफऱ्याची येते, पण ही फेफरं नव्हती. बसणं, रांगणं, उभं राहणं या सगळ्याला खूप उशीर झाला आणि चालणं तर काहींना जमलंच नाही. पुढे जे चित्र दिसू लागलं ते एरवी साठी-सत्तरीच्या माणसात दिसतं. चेहरा भावहीन, हालचाल संथ, हातापायांत ताठरपणा आणि कंप, म्हणजे लहान मुलांमध्ये कंपवात (पार्किन्सन). भरीला घामाच्या धारा, तोंडातून गळणारी लाळ, थंडगार हातपाय, अस्थिर तापमान, बिघडलेली झोप आणि ढळलेलं मन.

हे प्रकरण 2013 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालं. लिहिणारे होते जेनिफर रिलस्टोन, रीम अलखातेर आणि बर्ज मिनासियन, आणि कामाचं केंद्र होतं टोरांटोचं 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन'. चेतापेशीतल्या पुटिकांवरचं, म्हणजे इवल्या पिशव्यांवरचं, व्हीमॅट-2 नावाचं वाहक प्रथिन बिघडलं की माणसाचं काय होतं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. पाठ्यपुस्तकात या प्रथिनाला जेमतेम दोन ओळी मिळतात. त्या दोन ओळींत काय दडलेलं आहे, ते या आठ मुलांनी दाखवून दिलं.

लघवीतली खूण

लक्षणं डोपामिनकडे, म्हणजे हालचालींशी निगडित असलेल्या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाकडे बोट दाखवत होती. डोपामिन कमी पडण्याचे वारसागत आजार आधीपासून माहीत आहेत. ते बनवणारं एखादं विकर (एन्झाइम) जन्मतः सदोष असतं आणि मग पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात डोपामिनचे अवशेष कमी सापडतात. या कुटुंबात तो द्रव तपासला, तर आकडे ठीक निघाले. कारखाना सुरू होता, माल तयार होत होता.

लघवीचा अहवाल मात्र विचित्र होता. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन कमी, आणि डोपामिन व सेरोटोनिन मोडल्यावर उरणारे पदार्थ जास्त (नॉरएपिनेफ्रिन आणि सेरोटोनिन हेही असेच संदेशवाहक; या तिन्हींना मिळून मोनोअमाइन म्हणतात). मूळ माल कमी आणि त्याचा भुगा जास्त, असा हा हिशेब. तो नीट लावला तर आजाराचं नाव कळायच्या आधीच त्याची जागा कळते, म्हणून इथे थोडं थांबतो.

चेतापेशीत डोपामिन तयार होतं ते पेशीरसात, म्हणजे उघड्यावर. तिथे ते फार वेळ टिकत नाही. तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रियांच्या) बाहेरच्या पटलावर मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर बसलेलं असतं, ते उघड्यावरचं डोपामिन मोडून टाकतं. उरलेलं आपोआप ऑक्सिडीकृत होऊन पेशीला त्रासदायक ठरतं. त्यामुळे तयार झालेलं डोपामिन ताबडतोब पुटिकेत भरावं लागतं. ही पुटिका म्हणजे पटलाची एक इवलीशी पिशवी, व्यास साधारण 40 ते 50 नॅनोमीटर. संदेश आला की ती चेतासंधीच्या, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या फटीच्या, काठाशी जाऊन फुटते आणि आतला माल एका दमात बाहेर पडतो. भरलेली पिशवी नसेल तर संदेश पुढे जात नाही, मग पेशीत डोपामिन कितीही बनत असो.

नॉरएपिनेफ्रिनची गोष्ट त्याहून बोलकी आहे. डोपामिनचं नॉरएपिनेफ्रिन करणारं विकर पुटिकेच्या आतच असतं. डोपामिन आत शिरलंच नाही तर नॉरएपिनेफ्रिन बनणार कुठून? म्हणजे भुगा जास्त, नॉरएपिनेफ्रिन कमी आणि कारखाना शाबूत, या तिन्ही गोष्टी एकाच दाराशी येऊन थांबतात. ते दार म्हणजे पुटिकेत माल भरण्याचं. लघवीच्या एका नमुन्यातून मेंदूतल्या 50 नॅनोमीटरच्या पिशवीचं दार बंद असल्याचं समजावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

जनुकीय शोधानेही तिथेच नेलं. आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, तर त्यांच्या मुलांमध्ये काही गुणसूत्रखंडांच्या दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या सापडतात. आजारी मुलांत असे खंड शोधत गेल्यावर दहाव्या गुणसूत्रावरचं एसएलसी18ए2 हे जनुक हाती लागलं. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे व्हीमॅट-2, पुटिकेच्या पटलातलं मोनोअमाइन वाहक. 514 अमिनो आम्लांच्या या साखळीत 387व्या जागी प्रोलिन असायला हवं होतं, तिथे ल्युसिन आलं होतं. हे बदललेलं प्रथिन प्रयोगशाळेत पेशींमध्ये बनवून तपासलं, तेव्हा त्याची माल वाहून नेण्याची क्षमता खूपच खालावलेली दिसली.

नात्यातल्या लग्नाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जातो. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे, तेव्हा हा प्रश्न फक्त अरबस्तानातला समजू नये. असे आजार व्हायला सदोष प्रत दोन्हीकडून यावी लागते. एकच सदोष प्रत असलेले आईवडील हिंडते-फिरते असतात, पण त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. घरात एक मूल असं असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा. त्यात आईला दोष देण्यासारखं काहीच नसतं, आणि तरी आपल्याकडे तो तिलाच दिला जातो. हे सांगणारा माणूस त्या घरात कुणीतरी असायला हवा.

दोन बैल, एक मोट

व्हीमॅट-2 काम कसं करतं, ते समजल्याशिवाय उपचारांची गोष्ट कळणार नाही.

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. बैलजोडी धावेवरून उताराने खाली जाते आणि त्या ओढीने पाण्याने भरलेली मोट वर येते. बैलांना पुन्हा धावेच्या माथ्यावर आणायला हवं, तरच पुढची मोट निघेल. पुटिकेत प्रोटॉन हे बैल. पुटिकेच्या पटलात एक वेगळा पंप असतो. तो एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून प्रोटॉन आत ढकलत राहतो, त्यामुळे आतला पीएच साधारण 5.5 पर्यंत उतरतो. पेशीरसाचा पीएच सातच्या आसपास असतो. आत गर्दी झालेल्या प्रोटॉनांना बाहेर पडणं म्हणजे उतार. व्हीमॅट-2 त्यांना बाहेर सोडतं, पण फुकट सोडत नाही. दोन प्रोटॉन बाहेर गेले की डोपामिनचा, सेरोटोनिनचा किंवा नॉरएपिनेफ्रिनचा एक रेणू आत येतो. दोन बैलांमागे एक मोट, इतका हा हिशेब चोख आहे. या ओढीच्या जोरावर पुटिकेतली मोनोअमाइनची संहती पेशीरसाच्या दहा हजारपट आणि त्याहूनही वर जाऊ शकते.

प्रथिनाच्या साखळीचे बारा वेढे पटलातून आरपार जातात. त्यांची घडी कधी पेशीरसाकडे उघडते, कधी पुटिकेच्या आतल्या बाजूला. दोन्ही बाजू एका वेळी कधीच उघड्या नसतात, असत्या तर भरलेलं सगळं परत बाहेर सांडलं असतं. प्रोलिन हे अमिनो आम्ल साखळीला वळण देणारं, तिला एका जागी ताठ ठेवणारं. मोक्याच्या जागेवरून ते निघालं तर घडीची उलटापालट बिघडणं स्वाभाविक आहे. या मुलांत बैल होते, धाव होती, विहिरीला पाणीही होतं. मोटेचा सोल, म्हणजे दोरच, तुटका होता.

बंद दाराची आधीची ओळख

हे दार माणसाने आधीही बंद करून पाहिलं होतं, तेही औषध म्हणून, आणि त्यातला एक मोठा अध्याय मुंबईत घडला.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याचे रक्तदाबावरचे आणि मनोविकारांवरचे परिणाम लिहून ठेवले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर त्याची पद्धतशीर चाचणी घेतली आणि 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ती छापली. त्या लेखामुळे सर्पगंधेकडे पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. वकिलांना 1957 साली लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या किती वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे नाव आज माहीत असतं, कोण जाणे. माहीत असायला हवं.

रेसर्पिन घेणाऱ्यांचा रक्तदाब उतरायचा. पण काहींचं नाक चोंदायचं, काही सुस्त व्हायचे, काहींना खिन्नता घेरायची, आणि मात्रा जास्त झाली तर हालचाल कंपवातासारखी जड व्हायची. का, याचं उत्तर हळूहळू मिळालं. 1955 साली अमेरिकेत बेथेस्डाला प्लेचर, शोर आणि ब्रॉडी यांनी दाखवलं की रेसर्पिनमुळे मेंदूतलं सेरोटोनिन संपून जातं. 1957 साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन आणि सहकाऱ्यांनी रेसर्पिन दिलेले, जागच्या जागी लुळे पडलेले ससे घेतले आणि त्यांना एल-डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचला. ससे उठून बसले. मेंदूतल्या डोपामिनला स्वतःचं महत्त्व आहे हे त्यातून पुढे आलं, आणि कंपवातावरच्या एल-डोपाची वाट तिथूनच निघाली. कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं.

रेसर्पिन जाऊन बसतं ते नेमकं व्हीमॅटवर, आणि घट्ट बसतं. प्रथिनाचा चेहरा मात्र 1992 साली दिसला. रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या गटाने एमपीपी+ या विषाला दाद न देणाऱ्या पेशी निवडल्या. चेतापेशींना मारून कंपवात आणणारं हे विष. त्या पेशी का तगल्या ते शोधताना दिसलं की त्या विष पुटिकांत कोंडून ठेवत होत्या, आणि कोंडणारं प्रथिन होतं याच वाहकाचं जुळं भावंड, व्हीमॅट-1. म्हणजे पुटिका संदेश साठवते तशीच पेशीला विषापासून राखतेही. पुढे 1997 साली व्हीमॅट-2चं जनुक पूर्ण काढून टाकलेले उंदीर तयार झाले, पण ती पिल्लं जन्मानंतर काही दिवसच जगली.

आता ती आठ मुलं पुन्हा नजरेसमोर आणा. अस्थिर रक्ताभिसरण, बिघडलेलं मन, जड हालचाल. रेसर्पिनचे जे परिणाम गोळी बंद केल्यावर ओसरत, ते या मुलांच्या वाट्याला जन्मापासून न थांबता आले होते. 1950च्या दशकातल्या डॉक्टरांनी नकळत या आजाराची लक्षणं आधीच लिहून ठेवली होती.

चुकलेलं औषध

मुलांना आधी एल-डोपा दिलं गेलं. निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. लहान मुलात कंपवातासारखं काही दिसलं तर एल-डोपा देऊन पाहणं हा रूढ मार्ग आहे, कारण त्याने चमत्कार वाटावा इतकी सुधारणा होणारे आजार आहेत. कार्लसनच्या सशांचा दाखलाही बाजूचाच होता. दार बंद असूनही ससे उठले होते.

मुलं मात्र उठली नाहीत. त्यांची प्रकृती आणखी बिघडली आणि अंगाला आवरता न येणारे हिसके सुरू झाले.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. एल-डोपा हा कच्चा माल आहे, पेशीत जाऊन त्याचं डोपामिन होतं. कंपवाताच्या म्हाताऱ्या रुग्णात डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी उरलेल्या असतात, पण उरलेल्यांच्या कणग्या शाबूत असतात, म्हणून वाढीव धान्य साठतं आणि वेळेवर निघतं. इथे धान्य भरपूर होतं, कणगीच नव्हती. फुटक्या कणगीच्या घरी आणखी पोती टाकली तर धान्य खळ्यावर भिजणार, कुजणार, उंदीर लागणार. पेशीरसात वाढलेलं डोपामिन काही विकराने मोडलं असणार, काही पेशीला जाचलं असणार, आणि काही ताळतंत्र नसताना बाहेर झिरपलं असणार. समोरच्या पेशीवरचे ग्राहक, म्हणजे डोपामिन झेलणारी प्रथिनं, वर्षानुवर्षं उपाशी, म्हणून अतिसंवेदनशील झालेले. वेळी-अवेळी झिरपलेल्या थेंबांना त्यांनी अंगाच्या हिसक्यांनी उत्तर दिलं, असा माझा तर्क आहे. सशांचं वेगळं होतं. त्यांचे ग्राहक कालपर्यंत धडधाकट होते, दार काही तासांपुरतं बंद होतं, आणि प्रयोग त्यांना उठलेलं पाहून संपला. मुलांना रोज त्या औषधावर जगायचं होतं.

दार कुठलं ते कळल्यावर मार्गही दिसला. पुटिका भरणार नसेल तर तिच्यावर विसंबायचंच नाही. प्रॅमिपेक्सोल हे औषध डोपामिनच्या ग्राहकांना थेट जाऊन चिकटतं. त्याला पेशीत बनावं लागत नाही, पुटिकेत भरावं लागत नाही, संदेशाची वाट पाहावी लागत नाही. प्रौढांच्या कंपवातात ते आधीपासून वापरात होतं.

औषध सुरू झाल्यावर फरक लगेच दिसला. न चालणारी मुलं चालू लागली. हालचालींचा बिघाड जवळजवळ पूर्ण सुधारला आणि अडलेली वाढ पुन्हा सुरू झाली. लहान वयात औषध मिळालं त्याला लाभ जास्त, हे ओघाने आलंच. मेंदूच्या घडणीची पहिली वर्षं डोपामिनविना गेली की ती मागून भरून काढता येत नाहीत.

दोन उणिवा इथे नोंदवायला हव्यात. प्रॅमिपेक्सोल फक्त डोपामिनची जागा घेतं. सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनही त्याच दारातून जातात आणि त्यांची पोकळी तशीच राहते. मन, झोप आणि घाम यांचा प्रश्न म्हणूनच हालचालीच्या प्रश्नाइतका सोपा सुटत नाही. दुसरी उणीव लयीची. निरोगी पेशी डोपामिन नेमक्या क्षणी, मोजून सोडते. गोळी ते दिवसभर एकसारखं शिंपडते. शिकणं, हुरूप, एखादी गोष्ट करून पाहण्याची ओढ हे सगळं त्या लयीवर चालतं. या मुलांना चालता आलं ही मोठी गोष्ट आहे, तिला उणं म्हणायचं नाही, पण गोळीने पुटिकेचं काम घेतलं असंही म्हणू नये.

नंतरचे रुग्ण

2013 नंतर जनुकवाचन स्वस्त झालं तसे असे रुग्ण इतर देशांतही सापडू लागले. 2023 साली अशा 42 जणांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराची तीव्रता सारखी नव्हती, काही मुलं लहानपणीच दगावली होती, आणि औषधांना मिळणारा प्रतिसादही जनुकातल्या बदलागणिक वेगळा होता. सौदी कुटुंबातल्या प्रथिनात थोडी धुगधुगी उरली असावी. जिथे दार पुरतं मिटलेलं असतं, तिथे तेच औषध तोकडं पडतं.

बालरोगतज्ज्ञांसाठी यातून हाती लागणारी गोष्ट साधी आहे. सैल अंगाचं, डोळे वर चढवणारं, घामाघूम होणारं तान्हं मूल समोर आलं, मणक्यातल्या द्रवाचे आकडे ठीक निघाले, आणि एल-डोपाने मूल बिघडलं, तर मात्रा वाढवत बसू नये. औषध थांबवावं, लघवीतली मोनोअमाइनं आणि त्यांचे अवशेष तपासावेत आणि एसएलसी18ए2 वाचून घ्यावं. बिघाडाची वेळ आणि रूप नीट लिहून ठेवावं. त्या सौदी कुटुंबातही एल-डोपाने नुकसानच केलं होतं.

तेच दार आज मुद्दाम अर्धवट लोटलंही जातं. हंटिंग्टन आजारात अंगाचे हिसके आवरत नाहीत, तेव्हा टेट्राबेनझिन देऊन व्हीमॅट-2 अडवतात, म्हणजे पुटिका कमी भरतात आणि डोपामिनचा जोर ओसरतो. अमेरिकेत 2008 साली त्याला त्यासाठी मान्यता मिळाली. मात्रा चढली की त्या रुग्णाचा चेहरा कोरा होतो, पावलं जड पडतात, मन उदास होतं, आणि डॉक्टर गोळी अर्ध्यावर आणतात.